पहाटे चार ते पहाटे चार

पहाटे साडेपाच. नळाला पाणी आलं की आमची गल्ली उठते. नागपूरच्या इतवारीत घरं एकमेकांना इतकी खेटून आहेत की समोरच्या वाड्यातला गुंड भरत आला की अजून रिकामाच आहे, हे आवाजावरून कळतं. बारावीतली एक मुलगी नळाशी उभी असते. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात रसायनशास्त्राची वही. तिचा भाऊ दहावीत आहे, तो साडेसातला उठतो. त्या घरात तिला कुणी मुद्दाम छळत नाही. आई तोवर डबे करते, वडील किराणा ओळीत माल उतरवून घ्यायला गेलेले असतात. नळाची वेळ ही तिची वेळ, हे कधीतरी ठरून गेलं आणि पुन्हा कुणी विचारलं नाही.

मी मुलींच्या आयुष्यावर लिहिते. बरीच वर्षं लिहिते आहे, आणि या कामाचा दिवस गॅलरीतूनच सुरू झाला पाहिजे असं माझं मत आहे. मुलगी वर्तमानपत्रात येते ती दोनदा: बोर्डात पहिली आली तेव्हा, नाहीतर तिच्यावर काही भयंकर गुदरलं तेव्हा. या दोन बातम्यांच्या मधली जी वर्षं असतात त्यांचं काय? ती वर्षं नळापाशी, चुलीपाशी, काउंटरमागे, क्लासला जाणाऱ्या ऑटोत जातात. त्यांना बातमीमूल्य नाही म्हणतात. मला तीच लिहायची असतात.

सात. चहा घेऊन टेबलाशी बसते. समोर मुलींनी भरून दिलेली पानं आहेत.

या पानांची कल्पना मी सरकारी सर्वेक्षणावरून घेतली. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण करतं. पहिलं मोठं २०१९ मध्ये झालं, दुसरं २०२४ मध्ये. त्यात दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे चारला संपतो. मधल्या चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, आणि प्रत्येक रकान्यात तुम्ही काय करत होता ते नोंदवायचं. २०२४ च्या पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ गेला, पुरुषांचा ८८ मिनिटांचा. पाच वर्षांपूर्वी हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांची नऊ. ही पाहणी सहा वर्षांवरच्या सगळ्यांची आहे, हे मी मुद्दाम सांगते. त्या २८९ मिनिटांत पहिलीतल्या मुलीने उचललेली ताटंसुद्धा आहेत.

मुलाखतीत मी आधी सगळे विचारतात तेच विचारायची: तुला काय व्हायचंय, तुझं स्वप्न काय. मुली शहाण्या असतात, पाहुण्यांना द्यायचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. आता मी वहीचं एक पान देते आणि म्हणते, कालचा दिवस लिही बेटा, अर्ध्या-अर्ध्या तासाने. शुद्धलेखनाकडे बघू नको.

आज जे पान वर आहे ते एकोणीस वर्षांच्या मुलीचं आहे. ती सकाळी कॉलेजला जाते, दुपारी एका साडीच्या दुकानात फॉल-पिकोच्या कामाला. हे पान सुट्टीच्या दिवसाचं. दोन ते चार हे चार रकाने तिने कोरे सोडले आणि शेजारी लिहिलं, ‘काही नाही’. मी तिला विचारलं, झोपली होतीस? नाही. टीव्ही? नाही. मग हळूहळू निघालं. दळणाचे गहू निवडले. आजीच्या पायांना तेल लावलं. दिवाळीआधी पांघरुणं धुवायची म्हणून पेटीतून काढली. भावाच्या शर्टाची बटणं लावली. लहान बहिणीची वेणी घातली, ती विस्कटली म्हणून पुन्हा घातली. हे सगळं तिच्या लेखी ‘काही नाही’ होतं.

माझा या महिन्याचा लेख त्या चार कोऱ्या रकान्यांवर आहे.

साडेनऊ. लिहिणं. या वेळात फोन उचलत नाही. पोळ्यांना बाई येतात, त्यांना पैसे देऊनच मला हा दीड तास मिळतो. त्यांच्या घरी या वेळेला त्यांची थोरली मुलगी पोळ्या लाटत असते, हे मला ठाऊक आहे. लेखात ते येईल. ज्या वेळात मी लिहिते तो कुणाच्या तरी वेळातून काढलेला आहे, हे लपवलं तर उरलेलं कशाला लिहायचं?

अकरा. बाहेर पडते. धारस्कर रोडवर शटर वर जायला लागलेली असतात. दसरा-दिवाळीचा मोसम, त्यामुळे हातगाड्या, ई-रिक्षा, गाठोडी, आणि त्यातून वाट काढणाऱ्या मुलींच्या जोड्या. काही चितार ओळीच्या मेट्रो स्टेशनवरून येतात, काही पारडीकडून शेअर ऑटोने. त्या दुकानांत बिलं करतात, दागिन्यांना टॅग लावतात, थान उलगडून दाखवतात. इतवारी म्हणजे व्यापाऱ्यांची पेठ, गाद्या-तक्क्यांची, असं लिहायची पद्धत आहे. आज हा बाजार अठरा ते पंचवीस वयाच्या मुलींच्या पायांवर उभा आहे, आणि ‘उभा’ हे मी शब्दशः म्हणते. काउंटरमागच्या मुलीला बसायला स्टूल नसतं. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यावी म्हणून आपापले कायदे दुरुस्त केले. केरळात त्यासाठी साड्यांच्या दुकानांतल्या बायका वर्षानुवर्षं भांडल्या होत्या. तिकडे स्टूल कायद्यात आलं. इकडे मुली रात्री पाय उशीवर ठेवून झोपतात. ‘पाय सुजून राहिले काकू’ हे वाक्य माझ्या वह्यांत इतक्या ठिकाणी आहे की आता मी ते वेगळं उतरवूनही घेत नाही.

साडेबारा. फॉल-पिकोच्या पोटमाळ्यावर. दुकानाचं नाव सांगणार नाही. लाकडी जिना चढून वर गेलं की डोक्याला छत लागतं. दोन शिलाई मशीन, एक इस्त्री, एक पंखा, आणि साड्यांचे ढीग, प्रत्येकाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली.

काम बघण्यासारखं आहे. फॉलची पट्टी आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावी लागते, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि साडीचा काठ गोळा होतो. खालची कड मशीनवर मारतात, वरची हाताने. हातशिलाईचा टाका सुलट बाजूला दिसता कामा नये, म्हणून सुईत साडीचे एक-दोन धागेच घ्यायचे, तेही आवळायचे नाहीत. एकोणिसाची ती मुलगी हे न बघता करते. तिची बोटं काठावरून चालत जातात आणि ती माझ्याशी बोलत असते. मी साडी उलटवून, उजेडाकडे धरून टाका शोधला. सापडला नाही. “दिसला तर पैसे कापतात ना,” ती म्हणाली.

तिची पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची. दुपार झाली तरी गळ्यापर्यंत भरलेली. मी विचारलं तेव्हा सगळ्या हसल्या आणि मग एकीने सांगितलं. दुकानात बायकांसाठी संडास नाही. मागच्या गल्लीत मालकाचं घर आहे, तिथे जेवणानंतर सगळ्या मिळून एकदा जायचं. परत जायचं तर मालकीणबाईंना विचारायचं. विचारायची लाज वाटते, म्हणून पाणी प्यायचं नाही. पाळीच्या दिवसांत पहिले दोन दिवस रजा, आणि रजेचे पैसे नाहीत. “डाग पडला तर? खाली गिऱ्हाईक असते. साड्या असतात.” महागाच्या साडीला डाग लागण्याची भीती तिला स्वतःच्या पोटदुखीपेक्षा मोठी आहे.

मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणून बायकांनी मोहीम चालवली, पालिकेच्या पाठी लागून स्वच्छतागृहांचा हिशेब मागितला. नाव ऐकून तेव्हा बरेच लोक हसले होते. या पोटमाळ्यावर कुणी हसणार नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा मूळ रूपात दहा किंवा जास्त कामगारांच्या जागांसाठी केला गेला. या दुकानात वर-खाली मिळून सात जण. दहाच्या आत असलेली अशी दुकानं म्हणजे अर्धी-अधिक इतवारी, असं माझ्या डोळ्यांना दिसतं.

दोन. जेवण, आणि मग वाचन. लिहिणाऱ्या बाईने आपल्या आधीच्या बायकांचं वाचलं पाहिजे, हा माझा आग्रह आहे, आणि आपल्या शहरातल्या बायकांचं आधी.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ साली आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना दारोदार जाऊन भेटून, विचारून त्यांनी ते उभं केलं. जाईबाई चौधरी तुम्हाला अशाच पुस्तकांत भेटतात. १८९२ मध्ये उमरेडला जन्म, नवव्या वर्षी लग्न, आणि नागपूर स्टेशनवर उतारूंचं सामान डोक्यावर वाहायचं काम. एका मिशनरी बाईमुळे शिक्षिकेची नोकरी मिळाली, आणि शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे पालकांना कळल्यावर ती गेली. पुढे १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. ते स्टेशन माझ्या घरापासून फार लांब नाही. मला त्यांच्या दिवसाचं पान हवं होतं. डोक्यावर ट्रंक असताना त्या मुलीच्या मनात काय चालायचं, कुठे पाणी प्यायला मिळायचं, कुठे नाही.

याच शहरात २० जुलै १९४२ रोजी मोहन पार्कवर दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब हजर होते, बायका हजारोंनी आल्या होत्या. तिथले ठराव वाचा: घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, मुलींसाठी वसतिगृहं, आणि गिरण्यांत, विडीच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची पगारी रजा. पोटमाळ्यावरच्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिने सुई थांबवली. “बेचाळीसमधी? पगारी?” तिला खरं वाटेना. तिच्या पणजीच्या पिढीने मागितलेली रजा तिला अजून मिळालेली नाही, आणि अशी मागणी कधी झाली होती हेही तिच्या कानावर आलेलं नाही. न लिहिण्याचं नुकसान काय असतं, ते हे.

कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ १९८१ चं. दलित घरातली मुलगी संस्कृत शिकायला निघते, त्याची हकीकत त्यात आहे. नागपूरची शाळा, नागपूरचं कॉलेज. एम.ए. चांगल्या गुणांनी होऊनही नोकरी मिळत नव्हती, ती मिळाली आंतरजातीय लग्नानंतर, बदललेल्या आडनावावर, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हाती हे पुस्तक पडावं असं मला वाटतं. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने १९३३ मध्ये शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं मराठीत पहिल्यांदा इतकं उघड मांडलं, आणि ते मांडायला बाळूताई खरे यांना टोपणनाव घ्यावं लागलं. त्याच्याही फार आधी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त स्वतःच्या नावाने छापला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. मुलींवर लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या आधी एक मुलगी स्वतः लिहून मोकळी झाली होती.

चार. संपादकांचा फोन. माणूस चांगला आहे, तरीही दर वेळी आमची एका गोष्टीवर अडते. त्यांना लेखात ‘एखादी प्रेरणादायी मुलगी’ हवी असते, फोटोसकट. मी म्हटलं, चार कोऱ्या रकान्यांचा फोटो छापा. ते म्हणाले, वाचक उलटून पुढे जाईल. यावर मी बराच वेळ बोलले.

माझं म्हणणं असं. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. पाचातली एक. ती एक कुठे, कशी, कोणत्या दुपारी शाळेतून कमी झाली, हे प्रेरणादायी गोष्टीत कधी येत नाही. ते रकान्यांत दिसतं. आधी क्लास सुटतो, मग ‘मामाकडे गेली’ येतं, मग ‘पाहुणे आले’, आणि मग पुढची पानं नाहीत. राज्याने २०२४ मध्ये ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. फार मोठं काम झालं, मी ते लिहिलंही. पण तिथपर्यंत पोचायला बारावीच्या वर्षी दुपारचे दोन ते चार हे तास तिचे असावे लागतात.

फोटोचं मी नेहमीच टाळते. अत्याचार झालेल्या मुलीची ओळख छापायला पॉक्सोच्या कलम २३ ने आणि न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई आहे. कायदा तिथे थांबतो. लिहिणाऱ्याने त्याच्या पुढे जायला हवं. जिच्यावर काहीही गुदरलेलं नाही, अशा मुलीचंही नाव, गल्ली, दुकान छापून आलं तर संध्याकाळी तिला घरी जाब द्यावा लागतो. गल्लीत सगळे सगळ्यांना ओळखतात. ‘काऊन सांगितलं?’ हा प्रश्न तिलाच येतो, मला येत नाही.

संपादक शेवटी रेखाचित्रावर राजी झाले.

साडेसहा. मागच्या वाड्यात भुलाबाई. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे वऱ्हाड-नागपुरात मुली संध्याकाळी भुलाबाई-भुलोजीपुढे फेर धरून, टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात. मग खाऊ ओळखायचा, डबा हलवून, वास घेऊन. शहरात हे आता कमी होत चाललंय. या वाड्यात एक आजी आहेत म्हणून टिकलंय, आणि फेर लहान असला तरी आवाज मोठा असतो.

ही गाणी कुणी रचली हे कुणाला माहीत नाही. बायकांनी रचली, एवढं नक्की. सासरचा जाच, माहेराला जायची परवानगी, दीर-नणंदा, रुसवे, काम संपत नाही म्हणून अडलेलं जाणं, सगळं त्यात आहे. लेखणी हाती नव्हती तेव्हा मुलींच्या आयुष्याची नोंद इथे झाली, तीही आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या तोंडून पुढे जाईल अशा बेताने. लोकसाहित्य म्हणून तिचं कौतुक होतं. मला ती पुरावा वाटते.

आज गाणं संपल्यावर चौथीतली एक मुलगी म्हणाली, “आजी, तिने आईला फोन काऊन नाही लावला?” मोठ्या मुली हसल्या. आजी म्हणाल्या, “फोन असता तरी सासूजवळ असता.” त्यावर कॉलेजातली एक, जी आतापर्यंत मोबाइलमध्येच बघत होती, मान वर करून म्हणाली, “हाव, माझ्या ताईचा तसाच आहे. स्पीकरवर बोलावं लागते.” मग खाऊ ओळखायची घाई झाली. सांभारवडी होती, वासानेच ओळखली. मी मात्र दारातच उभी राहून ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि नंतर तिला विचारलं, हे घेऊ का लेखात? ती म्हणाली, ताईला विचारून सांगते. म्हणजे तूर्त नाही. ताई कळवेल तेव्हा पुढच्या महिन्यात बघू.

साडेनऊ. लेख पुरा झाला आहे. छापायला देण्याआधी तो जिच्यावर आहे तिला वाचून दाखवायचा, हा माझा नेम. फॉल-पिकोवाली मुलगी आता घरी पोचली, जेवली, भांडी झाली. तिचा फोन आला. मागे टीव्ही चालू होता, ती जिन्यात येऊन बसली असावी, आवाज घुमत होता.

मी वाचत गेले. गव्हापाशी ती हसली. वेणीपाशी म्हणाली, “दोनदा नाही, तीनदा घातली होती, तिसऱ्यांदा तिनं रडून मागितली.” मी दुरुस्त केलं. मग तो परिच्छेद आला, ज्यात ती एकदा पोटमाळ्यावर काम करता करता रडली होती. ती थांबवून म्हणाली, “हे काढा काकू.”

“काढते. का पण, सांगशील?”

“वाचणारे म्हणतील बिचारी. मी काय बिचारी आहे? माझ्यासारखा हातटाका त्या लाइनीत कोणाचा नाही.”

काढलं. त्या जागी टाका कसा घालतात ते आलं, दोन धागे, न आवळता.

“आणि पाण्याचं?” मी विचारलं. “बाटलीचं, मालकाच्या घरी जावं लागतं त्याचं. ते काढू?”

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “नाही. ते राहू द्या. दुकानाचं नाव नका टाकू, पण ते राहू द्या. इतवारीत वाचतात मासिक. कोणीतरी आपलंच दुकान समजेल.”

“दोन-चार जण समजतील बहुतेक.”

“मग तर बरंच आहे,” ती म्हणाली, आणि विचारलं की बेचाळीसच्या ठरावाचा तो कागद मोबाइलवर पाठवता येईल का, पोटमाळ्यावरच्या बाकीच्यांना दाखवायचा आहे. मी पुस्तकातल्या त्या पानाचा फोटो काढला, तिला पाठवला, आणि लेख संपादकांना.